आम्ल बाहेर असते, पेशीत नव्हे

आम्लात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांची पेशी आतूनही तितकीच आम्लधर्मी असते, असे या सूक्ष्मजीवांवरील एका लेखातून सूचित होते; ते बरोबर नाही. सांगलीत सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना हा गैरसमज मला दरवर्षी भेटतो. स्पेनमधील रिओ टिंटो नदीच्या तांबड्या पाण्याचा पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल तीव्र) २ ते ३ च्या दरम्यान असला, तरी बहुतेक आम्लप्रिय जिवाणू पेशीत तो ६ च्या आसपास राखतात, म्हणजे आत-बाहेर हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात हजारो पटींचा फरक असतो. त्यांचे पेशीपटल प्रोटॉनांना, म्हणजे या हायड्रोजन आयनांना, सहजी आत शिरू देत नाही, पेशीत साठवलेले पोटॅशियमचे धनभारित आयन त्यांना मागे रेटतात आणि तरीही शिरलेले प्रोटॉन पटलातील प्रथिने बाहेर उपसून टाकतात. जपानमधील होक्काइडो येथे सापडलेला पिक्रोफिलस हा सूक्ष्मजीव खरा अपवाद, पीएच ०.७ आणि ६० अंश सेल्सिअसला तो उत्तम वाढतो, त्याच्या पेशीतील पीएचही ४.६ पर्यंत उतरलेला असतो आणि (गंमत अशी की) बाहेरचे आम्ल सौम्य होऊन पीएच ४ च्या वर गेला, तर त्याचे पटलच टिकत नाही. विरजणातील लॅक्टोबॅसिलस या जिवाणूला लेखकाने आम्लप्रियांच्याच पंगतीत बसवले आहे, तेही पटत नाही. आमचे विद्यार्थी घरच्या दह्यात पीएच कागद बुडवतात, तेव्हा तो ४.५ जवळची नारिंगी छटा दाखवतो. लॅक्टोबॅसिलस तेवढे आम्ल सोसतो, त्याला आम्लाची गरज नसते.