'तीनशे एमबीत ओरिजिनल' शाओलिन सॉकर: जरा थांबा

नाशिकच्या दोन-तीन व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'जॅकी चॅनचा शाओलिन सॉकर, ३०० एमबी, १०८०पी, ओरिजिनल क्वालिटी. जुना पिक्चर आहे, बिनधास्त शेअर करा.'

पहिलं म्हणजे यात जॅकी चॅन नाहीच. २००१ च्या या हाँगकाँगच्या कुंग फू-फुटबॉल सिनेमाचा दिग्दर्शक आणि नायक दोन्ही स्टीफन चाऊ. (कुंग फू दिसलं की आपल्याकडे सगळे जॅकी चॅनच!)

'ओरिजिनल'चं म्हणाल तर १०८०पी हा फक्त चित्रातल्या ठिपक्यांचा (पिक्सेलचा) हिशेब; प्रत्येक सेकंदाला डेटा किती मिळतो, ते त्यातून कळत नाही. मूळ सिनेमा जवळपास ११२ मिनिटांचा. ३०० एमबीत बसवायचा तर सेकंदाला आवाजासकट जेमतेम ४५ केबी वाट्याला येतात. ब्लू-रे डिस्क त्याच्या कितीतरी पट जास्त डेटा खर्च करते. कॉलेज रोडला मिसळ खाता खाता मित्राच्या मोबाइलवर ती फाइल पाहिली. चेंडू पेट घेतो तिथे ज्वाळांच्या जागी नारिंगी चौकोन, मैदानाचं गवत म्हणजे हिरवा लगदा. हलत्या दृश्यांना डेटा जास्त लागतो, आणि या सिनेमात स्थिर काय आहे?

राहिलं 'जुना आहे'. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षं असतो. २००१ मध्ये ६० मिळवून बघा.