चोथा गाईला, खडा नातवाला

सलग पाच दिवस आमच्या घरातला प्रत्येक फोन एकाच प्रश्नाने सुरू होत होता. “झाली का?” जावई पुण्याहून जेवणाच्या सुट्टीत विचारायचे. विहीणबाई देवरुखहून सकाळ-संध्याकाळ विचारायच्या. शेजारच्या काकू तर फोनच्या भानगडीत पडत नव्हत्या, कुंपणावरूनच भुवया उडवायच्या आणि मी मान हलवून ‘नाही’ सांगायचे.

साडेसात महिन्यांचा आमचा नातू, आणि पाच दिवस त्याला शी झाली नव्हती. घरात त्याला बाळोबा म्हणतात. दीड महिन्यापूर्वी उष्टावण झालं, मामाने चांदीच्या वाटीतली खीर चाटवली आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या जेवणाचा ताबा मी घेतला. लेक माहेरी आलेली, मी पोस्टातून रिटायर होऊन तीन वर्षं झालेली. हाताला काम हवंच होतं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी माझा धीर सुटला. देवापुढच्या विड्यातलं पान उचललं, देठ तोडला, एरंडेलाची बाटली काढली. ज्यांना कळलं त्यांना कळलं, ज्यांना नाही त्यांनी आपल्या आजीला विचारा. मी माझ्या दोन्ही पोरांना हे केलंय, माझ्या सासूबाईंनी शिकवलेलं. लेकीने माझं मनगट धरलं. “आई, तू हे करायचं नाहीस.” आवाज चढवला नाही, पण हातही सोडला नाही. मी देठ ओट्यावर ठेवला आणि न जेवता झोपले. होय, रुसले. एकसष्टाव्या वर्षी रुसता येतं.

सहाव्या दिवशी सकाळी झाली. खेळता खेळता तो एकदम थांबला. गुडघे पोटाशी घेतले, मुठी आवळल्या, कुंथून कुंथून कपाळावरची शीर दिसायला लागली आणि मग असा किंचाळला की माझ्या हातातलं पातेलं सुटलं. डायपर उघडला तर आत तीन खडे. करवंदाएवढे, कोरडे, गडद. एकावर रक्ताची बारीक रेघ. लेक रडायला लागली, बाळोबा आधीच रडत होता, आणि मी खोटं सांगत नाही, मलाही रडू आलं.

डॉक्टरबाईंनी तपासलं. शीच्या जागी बारीकशी चीर पडली होती. मग त्यांनी विचारलं, “काय काय खातो?” हा प्रश्न येणार म्हणून मी तयारच होते. सकाळी नाचणीचं सत्त्व, घरी केलेलं, वर चमचाभर तूप. दहाला केळं. दुपारी मऊ भात आणि वरणाचं वरचं पाणी. चारला सफरचंद, सोलून उकडून. रात्री तांदळाची पेज, कधी रव्याची लापशी. एवढं सगळं छातीठोकपणे सांगितलं. बाईंनी कागदावर लिहून घेतलं, कागद माझ्याकडे फिरवला आणि म्हणाल्या, “आजी, यात पांढरं नाही असं काय आहे?”

मी म्हटलं, नाचणी. त्या म्हणाल्या, सत्त्व कसं करता ते सांगा.

आता सत्त्व करण्यात माझा हात धरणारं आमच्या आळीत कुणी नाही. नाचणी निवडायची, धुवायची, रात्रभर भिजत घालायची. सकाळी उपसून फडक्यात बांधून मोड आणायचे. मोड आले की पाणी घालून वाटायची, पंचाच्या कापडातून दाबून दाबून गाळायची. कापडात राहतो तो चोथा पुन्हा वाटायचा, पुन्हा गाळायचा. खाली आलेलं दूध झाकून ठेवायचं, साका तळाशी बसला की वरचं पाणी अलगद ओतायचं, साका ताटात पसरून वाळवायचा. पेढ्यासारखा पांढुरका तुकडा पडतो आणि बोटात धरला की भुगा होतो.

“आणि चोथा?” बाईंनी विचारलं.

“गाईला.” शेजारच्या काकूंकडे गाय आहे.

त्यावर त्या हसल्या, आणि दोन सेकंदांनी मलाही कळलं. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ११ ग्रॅम तंतू (फायबर) असतात, पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमसुद्धा नाहीत. नाचणीचा मोठेपणा ज्यात होता तोच भाग मी दीड महिना रोज कापडात पिळून कुंपणापलीकडे देत होते. नातवाला राहिलं होतं ते बहुतेक नुसतं पिष्ट. गाईचं पोट मात्र एकदम साफ.

बाईंनी जे समजावलं ते आमच्या पिढीला कुणी सांगितलंच नव्हतं. आईच्या दुधावर असलेल्या बाळाला कधी दिवसातून पाच वेळा होते, कधी पाच दिवस होत नाही. झाल्यावर ती मऊ असेल, बाळ दूध पीत असेल, वजन घेत असेल, तर तो आजार नव्हे. तान्ह्या बाळाने लालबुंद होऊन दहा-पंधरा मिनिटं कुंथणं आणि मग अगदी मऊ शी होणं, हेही पुष्कळ वेळा तसंच असतं. पोट ढकलायचं आणि खालचं दार सैल सोडायचं, ही दोन कामं एकदम करायला ते अजून शिकत असतं. दिवस मोजत बसायचं नाही, शी कशी आहे ते बघायचं. खडे, लेंड्या, करताना रडणं, रक्त, हा खरा त्रास. आणि तो वरचं अन्न सुरू झालं की हटकून डोकं काढतो. दुधातून मिळणारं पाणी कमी होतं, अन्न घट्ट होतं, त्यात तंतू नाहीत. मोठं आतडं पाणी शोषतच राहतं, त्यामुळे शी जितकी आत थांबेल तितकी आणखी कोरडी होते. एकदा दुखलं की पोर पुढच्या वेळी आवळून धरतं. आवळलं की आणखी खडा. हे चक्र फिरायला लागलं की आजीचं डोकंही त्याच्याबरोबर फिरतं.

उपचार काय, तर ताट बदला. चीर होती म्हणून थोडे दिवस लॅक्टुलोजचं पातळ औषध दिलं, किती आणि कधी ते त्यांनी लिहून दिलं. बाकी सगळं स्वयंपाकघरातच होतं. नाचणीला मोड आणून, वाळवून, भाजून, बारीक दळून आणली आणि कापड माळ्यावर टाकलं. भातात वरणाच्या वरच्या पाण्याऐवजी सालाची मूगडाळ, चांगली गाळ शिजवून घोटलेली. लाल भोपळा, पालक, रताळं, मटार. केळं आणि सफरचंद थोडे दिवस बंद, विशेषतः कच्चट केळं आणि सोलून उकडलेलं सफरचंद. त्यांच्या जागी पिकलेली पपई आणि पेअर. काळ्या मनुका रात्री भिजत घालून सकाळी त्याच पाण्यात कुस्करायच्या आणि चाळणीवर घासून गर काढायचा, बी आणि साल घशात अडकायला नको. (गाळणं सुटलं नाहीच माझं, पण इथे ते योग्य आहे.) सुकामेव्याच्या दुकानात सुके आलुबुखार मिळतात, त्यांचाही गर असाच. त्यात सॉर्बिटॉल नावाची साखर असते, ती पुरती पचत नाही, आतड्यात पाणी ओढून घेते आणि खडा मऊ होतो. पेअरमध्येही ती असते.

आणि पाणी. मी दीड महिना त्याला पाणी जवळजवळ दिलंच नव्हतं, कारण डोक्यात ‘बाळाला पाणी नको’ पक्कं बसलेलं. ते पहिल्या सहा महिन्यांसाठी. वरचं अन्न सुरू झालं की प्रत्येक जेवणाबरोबर उकळून गार केलेलं चार-सहा चमचे पाणी, छोट्या पेल्याने. दिवसाकाठी सगळं मिळून एखादा पेला पुरे, नाहीतर पोट पाण्याने भरतं आणि दूध सुटतं. तंतू वाढवले आणि पाणी विसरलं तर उलटाच प्रकार होतो, हेही बाईंनी दोनदा बजावलं.

तूप बंद करायला नाही सांगितलं. मी तेवढ्यात पदर सावरून घेतला.

अंघोळीच्या वेळी कोमट पाण्यात थोडं जास्त बसवणं, पायांची सायकल फिरवणं, बेंबीभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने हलका हात फिरवणं, हे तर आपण करतच आलोय. आतडं त्याच वाटेने जातं. उजवीकडून वर, आडवं, मग डावीकडून खाली. आपल्या आज्यांना आतड्याचं चित्र कुणी दाखवलं नव्हतं, पण हात बरोबर फिरायचा. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण हल्ली रीलवाल्या मुली आमचं सगळंच मोडीत काढतात. सगळं नका काढू.

पण काही गोष्टी खरंच मोडीत काढायच्या आहेत, आणि ते आम्ही आज्यांनीच सांगितलं तर बरं.

शीच्या जागी एरंडेल लावलेला पानाचा देठ घालणं नको. साबणाची कांडी तर अजिबात नको, आतली नाजूक कातडी सोलवटते. एरंडेल पाजणं नको. पोटात मुरडा येतो, आणि रडणाऱ्या पोराच्या तोंडात तेल घातलं तर ते श्वासात जातं. पोरं यातून वाचली ती देवाच्या आणि नशिबाच्या जोरावर, आपल्या हुशारीने नव्हे.

मध नको. वर्षाच्या आत एक थेंबही नको. हे विहीणबाईंना सांगताना मला घाम फुटला, कारण त्या घुटी मधात उगाळणाऱ्या. मधात कधीकधी एका जिवाणूचे बीजकण असतात, मोठ्यांच्या आतड्यात ते सहसा रुजत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात रुजून विष तयार करतात. त्या आजाराला बोट्युलिझम म्हणतात, आणि त्याचं पहिलं लक्षण बहुतेक वेळा काय असतं माहितेय? शी न होणं. म्हणजे शी होत नाही म्हणून आपण मध चाटवायचा! पोराचं रडणं क्षीण झालं, चोखणं मंदावलं, मान सैल पडली, पापण्या जड झाल्या तर घरी थांबायचंच नाही. विहीणबाई हे सगळं ऐकून म्हणाल्या, “आमच्याकडे तर पिढ्यान्‌पिढ्या चाललंय हो.” मी म्हटलं, “आमच्याकडेही तेच होतं हो.” मग दोघी जरा गप्प बसलो. नंतर त्यांनी खिमटात कुळथाचं पीठ घालून बघा असं सुचवलं. मी सालाच्या मुगावर थांबले, पण सूचना लिहून ठेवली.

दुधात बुडवलेलं बिस्कीट नको. साताऱ्यात काय, पुण्यात काय, प्रत्येक घरात हे चालतं, कारण पोर ते मटामट खातं. मैदा आणि साखर, वर गाईचं दूध, जे वर्षाच्या आत पिण्यासाठी द्यायचंच नसतं. आणि दात! दात येतायत म्हणून जुलाब, दात येतायत म्हणून ताप, दात येतायत म्हणून खडा. दाताला तोंड असतं तर त्याने केस टाकली असती.

आशाताई सहा महिन्यांनंतर लोहाच्या औषधाची बाटली देतात, आठवड्यातून दोनदा १ मिली. त्याने शी काळपट होते, म्हणून कुणी घाबरून बाटली फेकू नका. आमच्याकडे तेही झालं, मीच फेकायला निघाले होते.

डॉक्टरांकडे आधी कधी धावायचं हे बाई लेकीला सांगत होत्या आणि मी कान लावून होते. हिरवी उलटी, ढोलासारखं फुगलेलं पोट, दूध तोडणं, वजन न वाढणं, शीतून रक्त. जन्मल्यावर पहिली काळी शी व्हायला ४८ तासांहून जास्त लागले असतील तर तेही आठवणीने सांगायचं, कारण काही बाळांना आतड्याच्या शेवटच्या भागात नसांचं जाळंच नसतं. हिर्शस्प्रुंगचा आजार म्हणतात, साधारण ५,००० बाळांत एकाला. त्याला पपई काय करणार.

आमच्या बाळोबाला चौथ्या दिवशी मऊ झाली. लेकीने डायपरचा फोटो काढून जावयांना पाठवला. जावयांनी ऑफिसात, मीटिंगमध्ये, तो उघडला. पुढचं मला विचारू नका.

पुढे दोनदा पुन्हा घट्ट झाली. एकदा गावी लग्नाला गेलो होतो आणि दिवसभर केळंच दिलं गेलं तेव्हा, आणि एकदा कसलंच कारण नसताना. प्रत्येक वेळी मनुका, पाणी, भोपळा, दोन दिवस धीर. धीर सगळ्यात अवघड, कारण फोन सुरूच असतात.

परवा काकू कुंपणाशी आल्या. मला वाटलं, भुवया उडवणार. पण त्यांचा चेहरा जरा तक्रारीचा होता. म्हणाल्या, “हल्ली चोथा येत नाही तुमच्याकडून. गाय सकाळी इथेच येऊन उभी राहते.”

मी आत जाऊन रताळ्याच्या साली आणून दिल्या.