घर एवढं गार होतं, तर झोपायच्या बाजा अंगणात कशाला?

गेले पंधरा दिवस एक मेसेज आमच्या तीन ग्रुपवर फिरतोय. सारवलेली भिंत, ओट्यावर बसलेले आजोबा आणि खाली मजकूर: मातीचं घर बाहेरच्यापेक्षा 10 ते 15 अंशांनी गार राहतं, कारण माती उष्णता आत येऊच देत नाही. मातीच्या भिंती श्वास घेतात. अशी घरं फुकटात व्हायची, शंभर वर्षं टिकायची, देशात कुठंही चालायची. सिमेंटनं आपलं वाटोळं केलं. शेवटी जोडलेले हात. आमच्याकडे तो धाकट्या मामानं टाकला. मामा बाणेरला नवव्या मजल्यावर राहतो, एसी लावून.

मामा, तुझ्याच शिरूरकडच्या घराच्या साक्षीनं सांगते. पांढरीच्या मातीच्या दोन फुटी भिंती, वर धाबं, म्हणजे मातीचं सपाट छत. मे महिन्याची सुट्टी मी तिथंच काढलीय.

माती उष्णता आत येऊ देत नाही हे खोटं. येऊ देते, फक्त वेळ लावते. एवढ्या जाड भिंतीतून दुपारचं ऊन आतल्या अंगाला पोचायला कित्येक तास जातात. दुपारी तीनला माजघरातल्या भिंतीला गाल लावला तर गार. रात्री अकराला त्याच भिंतीला पाठ टेकली तर कोमट. आठव, जेवणं उरकली की आजी पहिल्यांदा काय म्हणायची? "बाजा बाहेर काढा रे." अख्खी आळी अंगणात नाहीतर धाब्यावर झोपायची. चांदण्या मोजायची हौस होती म्हणून नाही, आत भिंती तापलेल्या असायच्या म्हणून.

आता तो 15 चा आकडा. पुण्यात एप्रिलमध्ये दुपारी पारा 38 च्या आसपास जातो, पहाटे 20-21 वर येतो. जाड मातीचं घर या दोन्हींच्या मध्ये कुठंतरी, 29-30 ला रेंगाळतं. म्हणजे दुपारी बाहेरच्यापेक्षा आठ-नऊ अंश गार आणि पहाटे तेवढंच गरम. मेसेजवाल्यानं दुपार तेवढी घेतली, तीही फुगवून. शिवाय हे आपोआप होत नसे. आजी सकाळी नऊला दारं-खिडक्या लोटून घ्यायची आणि दिवेलागणीनंतर सताड उघडायची. दिवसभर खिडक्या उघड्या ठेवून त्या घरात राहून बघ.

"देशात कुठंही चालतं" हे तर पुणे जिल्ह्यातसुद्धा खरं नाही. ही सगळी करामत दिवस-रात्रीच्या तफावतीवर चालते. मुंबईत एप्रिलमध्ये ती जेमतेम आठ-नऊ अंशांची. तिथं जाड भिंतीपेक्षा वारा कामाचा. आणि पाऊस? शिरूर-दौंडकडे वर्षाला 500 मिलिमीटरच्या आसपास पडतो, म्हणून सपाट धाबं चाललं. ताम्हिणी-मुळशीकडे तो हजारोंच्या हिशेबात पडतो. तिथल्या लोकांनी मातीची जाड भिंत उभारलीच नाही. कारवीच्या काटक्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा हात, उतरतं छप्पर आणि वळचण इतकी खाली की आत शिरताना वाकावं लागतं. त्यांना काय माती मिळत नव्हती?

मेसेजमध्ये सगळं कौतुक भिंतीचं आहे, आणि माझं खरं भांडण तिथंच आहे. 13-14 मेच्या सुमाराला पुण्यावर सूर्य भर दुपारी बरोबर माथ्यावर येतो, उभ्या काठीची सावली पडत नाही. अशा उन्हात भिंतीवर किती ऊन येणार? सगळा मारा छतावर. जुन्या धाब्यावर तुळया, फळ्या-काटक्या आणि वर फूट-दीड फूट पांढरी माती असायची. घर गार ठेवायची ती. तुला हे माझ्याकडून ऐकायची गरज नाही. धाबं गळायला लागलं म्हणून तू ते उतरवून पत्रा टाकलास. भिंती त्याच, कोनाडे तेच, पण त्या उन्हाळ्यापासून दुपारी माजघरात कुणी टिकत नाही. मेसेजमधला फोटो जरा मोठा करून बघ. त्या आजोबांच्या डोक्यावरही पत्राच आहे.

भिंती श्वास घेतात हे अर्धं खरं. हवा काही आरपार जात नाही, पण माती हवेतली ओल शोषते आणि परत सोडते. म्हणून तिला गिलावाही मातीचा किंवा चुन्याचाच लागतो. आपल्या पडवीला एका ठेकेदारानं "कायमची कटकट जाईल" म्हणत सिमेंट फासलं. दोन पावसाळ्यांत जोत्यातून चढलेली ओल आतच कोंडली. गिलाव्याला बोटानं टकटक केलं तर पोकळ आवाज, आणि एक पापुद्रा सुटला तसा मागून ओला गारा, म्हणजे भिंतीचा चिखल, हातात आला.

फुकटात? माती फुकट. पण दर पावसाळ्यानंतर भुसा घालून गारा कुजवायचा, आठवडाभर त्याचा वास सोसायचा, मग शेणमातीनं अख्खं घर लिंपायचं, ते कोण करायचं? देवळीच्या वर आजीच्या बोटांच्या कमानी अजून उमटलेल्या आहेत. त्या उंचीवर हात पोचायला ती पाटावर उभी राहायची. आणि धाब्यावर मृगाआधी नवा थर आजोबांचा.

शंभर वर्षं टिकलेली घरं दिसतात, कारण पडलेली दिसत नाहीत. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं तेव्हा पुण्यात नदीकाठच्या पेठांमध्ये मातीच्या भिंती पाण्यात भिजून बसल्या. 1993 च्या अनंत चतुर्दशीची रात्र सरता सरता किल्लारीला भूकंप झाला आणि हजारो माणसं झोपेत गेली. तिथल्या भिंती दगडाच्या, सांध्यात माती आणि वर धाब्यासारखंच मातीचं जाड माळवद. दुपारी गारवा देणारं तेच ओझं पहाटे अंगावर आलं. आणि किल्लारी तेव्हा भूकंपाच्या नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होती! मातीचं घर भूकंपात तगवता येतं, भिंतींना आडवे पट्टे बांधले तर. त्यासाठी भारतीय मानक 13827 आहे. पण मेसेजमध्ये पट्ट्यांबद्दल अक्षर नाही.

सिमेंटबद्दल मात्र मेसेजचं थोडं बरोबर आहे. उन्हात वाळवलेल्या विटेला भट्टी लागत नाही, सिमेंटला लागते आणि चुनखडी भाजतानाही त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो. तेवढं मान्य.

मामाचं उत्तर आलंय: पत्रा काढून परत धाबं घालता येईल का? येईल, पण आधी तुळया वाळवीनं पोखरल्यात का ते सुतार बोलावून बघून घे. तोवर पत्र्याला पांढरा चुना मार आणि खाली बांबूची तट्टी बांध, पत्रा आणि तट्टीत हातभर जागा सोडून. दोन्ही कामं एका रविवारी होतात. मी येते.