ते 'विश्वसनीय सूत्र' म्हणजे मी

पोस्ट लांब होणारे, वेळ असेल तरच वाचा. गेल्या आठवड्यात आमच्या शाळेच्या ग्रुपवर परत एकदा 'पक्षात मोठा भूकंप' असलं कायतरी आलं आणि दोन चांगले मित्र, एका बाकावर बसलेले, एकमेकांची अक्कल काढून ग्रुप सोडून गेले. म्हणून म्हटलं जे तीन वर्षं पोटात ठेवलंय ते एकदाचं ओकून टाकू.

माझं फ्लेक्सचं दुकान आहे, तालुक्याच्या गावात, बऱ्याच जणांना माहितीये. सगळ्या पक्षांचे बोर्ड करतो त्यामुळे कुठला पक्ष ते सांगणार नाही, धंदा आहे बाबांनो. तर एका नेत्याचा वाढदिवस होता, वीस बाय दहाचे चार आणि दहा बाय आठचे तीस अशी ऑर्डर. ऑर्डर द्यायला जो कार्यकर्ता आला तो गाडीवरून उतरला पण नाही, "मागच्या वर्षीचाच काढ, तारीख बदल, बाकी सेम" एवढं बोलून गेला. आता मागच्या वर्षीच्या फाइलमध्ये वरच्या पट्टीत राज्यातले नेते, उजवीकडे साहेब हात जोडून, आणि खाली गोलात तालुक्यातली मंडळी. त्यातला पहिला गोल तालुकाध्यक्षाचा. पण मागच्या वर्षीचा अध्यक्ष मधल्या काळात पक्ष सोडून गेलेला, म्हणून मी त्याचा गोल उडवला, जागा मोकळी दिसायला लागली म्हणून उरलेले गोल डावीकडे सरकवले, आणि तेवढ्यात लाइट गेली. लाइट आली तेव्हा डोक्यातून नवीन अध्यक्ष निघून गेलेला. संपला विषय. रात्री साडेबाराला व्हॉट्सॲपवर प्रूफ टाकलं, समोरून दोन सेकंदात अंगठा आला, म्हणजे फोटो उघडून पण बघितला नाही हे नक्की.

सकाळी सातला स्टँडवर बोर्ड लागले. साडेआठला आमच्याकडचं एक पोरगं, ज्याचं फेसबुक पेज आणि यूट्यूब चॅनेल आहे, राजकीय विश्लेषक म्हणतो स्वतःला, त्याचा फोन. "काका, अध्यक्षांचा फोटो का नाही ओ?" मी स्कूटरवर, एका हातात दुधाची पिशवी, मला काय बोलतोय ते पण नीट कळलं नाही, मी म्हटलं "अरे वरून जसं मॅटर येतं तसं आपण छापतो" आणि ठेवला फोन.

दहा वाजता बातमी. 'फ्लेक्सवरून तालुकाध्यक्ष गायब! पक्षात उभी फूट?' शेवटी प्रश्नचिन्ह टाकलं की पोरगं मोकळं, उद्या कोणी विचारलं तर म्हणायचं मी फक्त प्रश्न विचारला. आणि आत लिहिलेलं, 'पक्षातील विश्वसनीय सूत्रांच्या माहितीनुसार फोटो वगळण्याच्या सूचना थेट वरून आल्या होत्या.' मी तीनदा वाचलं. पक्षातलं विश्वसनीय सूत्र म्हणजे मी, ज्याने आयुष्यात कुठल्याच पक्षाची पावती फाडलेली नाही, आणि ते 'वरून' म्हणजे माझ्या दुकानाचं काउंटर वरच्या मजल्यावर आहे, आम्ही मशिनवर खाली बसतो, ते वरून. 😐

दुपारी अध्यक्षांचा फोन. मी लगेच गेलो त्यांच्याकडे, खरं काय ते सगळं सांगितलं, जुनी फाइल, गोल, लाइट, माझीच चूक, आत्ता नवीन बोर्ड फुकट करून लावतो म्हटलं. ऐकून घेतलं शांतपणे, चहा पाजला आणि म्हणाले, "तुझ्यावर राग नाही रे, तुला काय बोलायला लावलंय ते कळतं मला." म्हणजे बघा, मी नाही म्हणतोय हाच पुरावा झाला! संध्याकाळी पोराने दुसरी बातमी केली, 'फोटो प्रकरणावर पडदा टाकण्याचा प्रयत्न.' मग अध्यक्षांना बाजार समितीच्या वेळचं तिकीट आठवलं, कुणालातरी तीन वर्षांपूर्वीच्या सभेत खुर्ची मिळाली नव्हती ते आठवलं. ते सगळं आधीपासून होतंच म्हणा, पण त्याला बसायला जागा नव्हती, ती माझ्या फ्लेक्सने करून दिली. दोन महिन्यांनी पक्षाचा मेळावा झाला तेव्हा दोन गटांनी वेगवेगळे बोर्ड लावले, आणि लाज सोडून सांगतो, दोन्ही ऑर्डरी मीच केल्या.

आता त्या पोराबद्दल. वाईट नाहीये तो, पदवी आहे, नोकरी नाही, घरी आई आजारी असते. त्याचे थंबनेल पण मीच करतो, दीडशे रुपयाला एक. माझ्या कॉम्प्युटरवर प्रत्येक नेत्याचं फोल्डर आहे, बॅकग्राउंड काढलेले फोटो, नावं पण तशीच, हसरा, हात जोडलेला, बोट दाखवणारा, रागीट. तो 'रागीट' वाला फोटो एका साहेबांनी दुष्काळाच्या बैठकीत अधिकाऱ्यांना झापलं होतं तेव्हाचा आहे. गेली तीन वर्षं तोच फोटो कधी पुतण्यावर चिडलेला म्हणून जातो, कधी दिल्लीवर, कधी मित्रपक्षावर. मध्ये लाल बाण टाकायचा, मागे वीज चमकवायची, झाली फूट.

त्याची सूत्रं कोण हे पण मला आता पाठ झालंय कारण फोन तो माझ्या दुकानातच बसून करतो. एक म्हणजे ड्रायव्हर लोक, आणि हे खरंच भारी सूत्र असतं, गाडी कुठल्या बंगल्यासमोर किती वेळ उभी होती ते बरोबर सांगतात, फक्त आत काय झालं ते त्यांना माहिती नसतं आणि ते पोरगं स्वतः भरतं. दुसरे पीए. आणि तिसरे, ज्यांच्यामुळे मी खरा चाट पडलो, ते म्हणजे नेते स्वतः. एक जण फोनवर सांगत होता, स्पीकर चालू होता, "मी नाराज आहे अशी टाक, पण मी बोललो असं नको." म्हणजे स्वतःच्या नाराजीची पुडी स्वतःच सोडायची! साहेबांच्या तोंडावर बोलायची हिंमत नाही, मग बातमीतून निरोप. सूत्राला माहिती असते की नाही देव जाणे पण सूत्राला काम असतं, एवढं मी छातीठोक सांगतो.

मला वाटायचं ही तालुक्याची भानगड, मुंबईत मोठे चॅनेल, मोठे पत्रकार, तिकडे सगळं चोख असणार. मग माझ्याच ऑर्डर बुकाची पानं मागे चाळली.

२२ नोव्हेंबर २०१९. वरळीच्या नेहरू सेंटरमध्ये शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस अशा तिन्ही पक्षांची बैठक, बाहेर येऊन खुद्द पवारसाहेब म्हणाले उद्धव ठाकरेंच्या नावावर एकमत आहे. म्हणजे इथे तर सूत्र पण नाही, डायरेक्ट. रात्री अकराला एक शिवसैनिक दुकानात, 'मुख्यमंत्री' लिहून बोर्ड काढ. सकाळच्या पेपरला पण तीच हेडलाइन. आणि पेपर घरात पडेपर्यंत राजभवनावर फडणवीस आणि अजितदादांचा शपथविधी उरकलेला, राष्ट्रपती राजवट पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी उठवलेली. आठ-सव्वाआठला त्या शिवसैनिकाचा फोन, "थांबव, थांबव, छापू नको." मग मंगळवारी २६ तारखेला सरकार पडलं आणि संध्याकाळी परत, "छाप आता." त्या चार दिवसांत सूत्रांनी काय काय सांगितलं ते आठवून बघा. पवारसाहेबांचीच खेळी आहे, नाही घर फुटलंय, दादा परत येणार, दादा येणार नाहीत. एकाच चॅनेलवर एका तासात तिन्ही ऐकलंय मी. आणि गंमत म्हणजे ज्याला जे ऐकायचं होतं त्याने तेवढंच खरं धरलं, मी पण.

दुसरं पान ३० जून २०२२ चं. आदल्या रात्री ठाकरेंनी फेसबुक लाइव्हवर राजीनामा जाहीर केलेला. सकाळपासून झाडून सगळे सांगत होते फडणवीस मुख्यमंत्री, कन्फर्म, फक्त वेळ ठरायचीये. आमच्याकडच्या एका उत्साही माणसाने दुपारी वीस बाय दहाचा छापूनच घेतला, मशिनवरून ओला उतरवतोय आणि मोबाइलवर फडणवीस स्वतः सांगतायत की शिंदे मुख्यमंत्री आणि मी सरकारच्या बाहेर राहणार. आणि ते ऐकून होतंय तोवर संध्याकाळी त्यांनी उपमुख्यमंत्रीपदाची शपथ पण घेतली. एवढे दिल्लीचे खास, गल्लीचे खास, आतल्या गोटातले, एकालाही पत्ता नाही. तो बोर्ड त्या माणसाच्या गोठ्यावर आहे अजून, पावसाळ्यात म्हशींना उपयोगी पडतो. पैसे मात्र अर्धेच दिले.

पण त्याच्या आधीचे नऊ-दहा दिवस, शिंदे शिवसेनेचे आमदार घेऊन आधी सुरत, मग गुवाहाटीला गेले होते ते, जास्त शिकण्यासारखे होते असं मला आता वाटतं. तेव्हा सगळा खेळ आकड्याचा होता. पक्षांतरबंदीच्या कायद्यातून आमदारकी वाचवायची तर पक्षाचे दोन तृतीयांश आमदार लागतात, शिवसेनेचे तेव्हा ५५ आमदार, म्हणजे ३७. आणि रोज सूत्र आकडा सांगायचं. इकडून पस्तीस, चाळीस, तिकडून वीसेक जण आमच्या संपर्कात आहेत, मुंबईत आले की बघा. आपण घरी बसून क्रिकेटचा स्कोर बघितल्यासारखं बघत होतो. पण तो आकडा आपल्यासाठी नव्हताच हो! तो कुंपणावर बसलेल्या आमदारासाठी होता. टीव्हीवर पट्टी फिरतीये की सदतीस झाले, मग अडतिसावा म्हणणार मी इथे एकटा राहून काय करू, भर बॅग. आणि उलट बाजूने वीस जण परत येतायत म्हटलं की जाणारा थबकतो. म्हणजे बातमी भांडण दाखवत नव्हती, बातमीच भांडत होती. शेवटी ५५ पैकी ४० तिकडे गेले. बाळापूरचे आमदार नितीन देशमुख परत येऊन म्हणाले मला जबरदस्तीने नेलं, इंजेक्शन दिली, तर दुसऱ्या बाजूने त्यांचे शिंदे गटासोबतचे फोटो बाहेर काढले. आमच्या ग्रुपवर अर्ध्यांनी फोटो फॉरवर्ड केले, अर्ध्यांनी इंजेक्शन. दोन्ही टाकणारा एक पण नाही.

आता कोणी म्हणेल सगळंच खोटं असतं का मग? नाही ना, तीच तर अडचण. एप्रिल २०२३ आठवतोय? अजितदादा 'नॉट रिचेबल', सगळीकडे बोंब की आमदार घेऊन निघाले. दुसऱ्या दिवशी दादा पुण्यात एका दुकानाच्या उद्घाटनाला हजर, म्हणाले पित्त झालं होतं, गोळी घेऊन झोपलो होतो. मग दहा दिवसांनी परत उठलं, तेव्हा दादांनी सगळ्यांना झापलं, जिवात जीव आहे तोवर राष्ट्रवादीचंच काम करणार म्हणाले. सूत्रवाले तोंडावर पडले असं आपण म्हटलं, मी तर त्या पोराला दुकानात चिडवलं पण. आणि २ जुलैला दादांनी आठ जणांना घेऊन शपथ घेतली. पोरगं पेढे घेऊन आलं, "बघा काका, मी तेव्हाच सांगितलं होतं." आता याने वर्षात दादांना बारा वेळा पक्ष सोडायला लावलेला, त्यातला एक लागला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, पण कावळ्याचे सबस्क्रायबर त्या आठवड्यात दुप्पट झाले. आणि जे अकरा चुकले ते व्हिडिओ त्याने काढून टाकले, मीच थंबनेल केलेले म्हणून मला माहिती.

२०२४ ला निकालानंतर तर मुख्यमंत्री कोण याच्यावर बारा दिवस दुकान चाललं या लोकांचं. शिंदेसाहेब दरे गावाला गेले, झाले नाराज. ते सांगतायत बरं नाही, आराम करायला आलोय, पण आपल्याकडे मोठा माणूस गावाला गेला की शेती बघायला गेला असं कोणी मानतच नाही. मुरलीधर मोहोळांचं नाव असं काही चाललं की बिचाऱ्यांना स्वतः लिहावं लागलं की ही चर्चा निरर्थक आहे. माझ्याकडे पुण्याहून त्यांच्या नावाच्या बोर्डाची चौकशी पण आली होती, तोवर मी शहाणा झालो होतो, म्हटलं ॲडव्हान्स पूर्ण.

यात एक गोष्ट मला पत्रकारांच्या बाजूने पण बोलायचीये. आपल्याकडे पक्षात आत काय चाललंय हे कळायला दुसरा रस्ता कुठे आहे? अध्यक्ष निवडतात तो 'एकमताने', बैठक बंद दाराआड, बाहेर येऊन सगळे म्हणणार चर्चा सकारात्मक झाली. मग दाराला कान लावणारेच तयार होणार. दार उघडं ठेवा म्हणून एकही पक्ष म्हणत नाही, कारण कान लावणारा प्रत्येकाला कधी ना कधी लागतो. जे चांगले पत्रकार आहेत, चार ठिकाणी विचारून, थांबून लिहिणारे, ते दुसऱ्या दिवशी लिहितात आणि तोवर आपल्याला शिळं झालेलं असतं. त्या पोराला मी एकदा म्हटलं होतं की त्या फ्लेक्सच्या वेळी मला अजून एक फोन करायचास ना, विचारायचंस की चुकून राहिला का. तर म्हणाला, "काका, चुकून राहिला असं कळलं असतं तर बातमी कशाची केली असती?" याच्यावर मला उत्तर सुचलं नाही, अजून सुचलेलं नाही.

असो. आज सकाळी परत वाढदिवसाची ऑर्डर आलीये, तेच साहेब, तीच साईज. यावेळी कार्यकर्ता गाडीवरून उतरला, आत आला, खुर्चीत बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "पहिला गोल रिकामा ठेव, कोणाचा टाकायचा ते रात्री सांगतो." मी ठेवलाय. स्क्रीनवर नुसता पांढरा गोल दिसतोय आणि पोराचे दोन मिस्ड कॉल आहेत.