सांगाडा हसतोय कोणाला?

ऑक्टोबर संपत आला, मेक्सिकन लोकांचा ‘डे ऑफ द डेड’ (गेलेल्या माणसांची आठवण काढायचा सण) जवळ आला की आमच्या शिकागोच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी रंगवलेल्या कवट्यांचा फोटो टाकतंच आणि खाली ठरलेलं वाक्य, मेक्सिकन लोक मरणाला घाबरत नाहीत, सेलिब्रेट करतात, आपण शिकलं पाहिजे वगैरे. मला हे कधीच पटलं नाही.

इथे शिकागोतल्या पिल्सेन या मेक्सिकन वस्तीत टॅको खायला गेलं की भिंतींवर म्युरल्स दिसतात, त्यातली पिसांची हॅट घातलेली कवटी सगळ्यांना माहितीये, कात्रिना. पण ती आली कुठून? होसे ग्वादालुपे पोसादा नावाच्या मेक्सिकन छापचित्रकाराने १९१० च्या सुमारास ती काढली, नुसती कवटी आणि हॅट, अंगावर कपडा नाही. टोमणा होता तो! काबुली चणे विकणाऱ्या, स्वतःचं मूळ लपवून युरोपियन मडमेचा तोरा मिरवणाऱ्या बायकांना. म्हणजे खायला नाही पण हॅट पाहिजे. पोसादा स्वतः १९१३ मध्ये कफल्लक अवस्थेत गेला, आणि १९४७ मध्ये मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेराने मेक्सिको सिटीतल्या एका हॉटेलसाठी भलंमोठं म्युरल पूर्ण केलं त्यात हिला अख्खं अंग दिलं, झगा दिला, एका बाजूला तिचा हात धरलेला लहानपणीचा रिव्हेरा आणि दुसऱ्या बाजूला पोसादा. किती गोड परतफेड ना?

ओरोस्को या दुसऱ्या मेक्सिकन चित्रकाराने तर अमेरिकेत डार्टमथ कॉलेजच्या लायब्ररीतच (१९३२ ते ३४) प्रोफेसरांचे गाऊन घातलेले सांगाडे काढून ठेवलेत, एक सांगाडा बाळंत होतोय आणि हे विद्वान शांतपणे बघत उभे. कॉलेजने पैसे देऊन स्वतःच्या भिंतीवर काढून घेतलंय हे 😄

म्हणजे हे सांगाडे हसतायत ते जिवंत माणसांना, आपल्या ऐटीला. मरणाचं दुःख तिकडेही आपल्यासारखंच. गेल्या वर्षी इथल्या मेक्सिकन आर्ट म्युझियममध्ये ओफ्रेंदा बघायला गेलेले, म्हणजे गेलेल्या माणसाचा फोटो, त्याच्या आवडीचं खाणं, मेणबत्त्या, फुलं, आपल्या पितृपक्षातल्या पानासारखंच जवळजवळ, फक्त कावळा नाही. एक बाई फोटोसमोर कोकची बाटली ठेवून हमसून हमसून रडत होती. तिला कोणी सांगावं, तुम्ही लोक घाबरत नाही म्हणून?

आणि फुलं कुठली तर झेंडूची. झेंडू मूळचा मेक्सिकोचाच, आपल्याकडे नंतर आला. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "असेल गं, पण या दसऱ्याला दीडशे रुपये किलो होता मेला."