टायमिंग लाइटला काय दिसत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: छोटी एटीव्ही (खडबडीत रस्त्यावरची चारचाकी बाइक) गरम झाल्यावर चालू होत नसेल तर आधी टॅपेट (वॉल्व्हला दाबणारा भाग) आणि टायमिंग चेन (क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणारी साखळी) बघा, असं सांगून मी लोकांना उगाच हेडकव्हर उघडायला लावतो. तुमच्या गाडीत टायमिंग लाइटखाली (ठिणगीबरोबर चमकणाऱ्या दिव्याखाली) फ्लायव्हीलवरची ‘एफ’ची, म्हणजे ठिणगीच्या वेळेची, खूण जागेवर दिसते, म्हणजे टायमिंग बरोबर. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, ७० पीएसआय आलं म्हणून तुम्ही पिस्टनच्या रिंगा बदलल्या, फरक शून्य. आता संशय कार्बोरेटरवर.

टायमिंग लाइटपासून सुरुवात करतो, कारण गोंधळाचं मूळ तिथंच आहे. ठिणगी कधी पडते, एवढंच तो दाखवतो. या इंजिनांत पिकअप कॉइलला (ठिणगीची वेळ कळवणाऱ्या सेन्सरला) इशारा मिळतो तो फ्लायव्हीलवरच्या उंचवट्याकडून. कॅमशाफ्टचा, म्हणजे वॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा, त्यात काही संबंध नाही. चेन एक दात सरकली तरी ‘एफ’ तिथंच दिसणार. आणि एक दात म्हणजे थोडंथोडकं नाही. कॅमच्या स्प्रॉकेटला ३२ दात धरले तर कॅमचे सव्वाअकरा अंश होतात; क्रँक कॅमच्या दुप्पट फिरतो, म्हणजे क्रँकचे साडेबावीस. ‘टायमिंग चुकलं असतं तर इंजिन चालूच झालं नसतं’ असं तुम्ही म्हणता. एवढ्या फरकावर ते बऱ्याचदा चालू होतं, फक्त दम नसतो. कॅम मागे पडला की इनटेक वॉल्व्ह उशिरा मिटतो, आत घेतलेली हवा थोडी परत ढकलली जाते आणि कमी आरपीएमला गाडी चढावर मान टाकते.

फ्लायव्हीलची चावी तर याहून फसवी. क्रँकच्या टोकावर ही अर्धगोल चावी फ्लायव्हीलला जागेवर धरते. ती कातरली आणि फ्लायव्हील जरासं फिरलं की उंचवटा आणि खुणा एकत्रच सरकतात. लाइटखाली सगळं आलबेल, प्रत्यक्षात ठिणगी भलत्याच वेळी. किक उलटी मारत असेल तर मी आधी ही चावी बघतो. ‘टी’ची खूण (पिस्टन सगळ्यात वर असल्याची, म्हणजे टीडीसीची) खरी आहे की नाही, ते प्लगच्या भोकातून पिस्टनवरच ताडून बघा. लांब प्लास्टिकची नळी पुरते. लोखंडी काही घातलंत तर क्रँक फिरवताना ते अडकायची भीती.

आता ७० चा आकडा. कॅमवर ऑटो डिकॉम्प्रेसर (इंजिन सहज फिरावं म्हणून दाब कमी करणारी सोय) असेल तर स्टार्टर फिरताना तो एक्झॉस्ट वॉल्व्ह किंचित उचलून धरतो. अशा इंजिनात गेजवरचा आकडा मुळातच कमी येतो, त्यावरून रिंगांना दोषी ठरवता येत नाही. रिंगा मागवण्याआधी प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजायला हवं होतं. आकडा उडी मारून वर गेला तर रिंगा, ढिम्म राहिला तर वॉल्व्हकडे बोट. त्याहून चांगलं म्हणजे कॉम्प्रेशनच्या टीडीसीला पिस्टन धरून आत हवा सोडायची आणि कान लावायचा. फुसफुस सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, कार्बोरेटरकडून आली तर इनटेक, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा. क्रँकला पाना लावून घट्ट धरा, नाहीतर हवेच्या जोरानं तो गरकन फिरतो.

थंड असताना पटकन चालू, गरम झाल्यावर हट्ट, आयडल (थ्रॉटल न देता इंजिन चालण्याचा वेग) घसरलेलं: तुमच्याच या वर्णनावरून माझा संशय एक्झॉस्ट वॉल्व्हवर आहे. सीट (वॉल्व्ह मिटून बसतो ती कड) झिजली की वॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटचा गॅप, म्हणजे टॅपेट आणि वॉल्व्हमधली फट, कमी होतो. गरम झाल्यावर वॉल्व्ह लांबतो, उरलासुरला गॅपही संपतो आणि वॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. टॅपेट वाजत नाही म्हणून तो ठीक आहे, असं तुम्ही लिहिलंय. मला वाजणाऱ्या टॅपेटपेक्षा अचानक गप्प झालेल्याची काळजी जास्त वाटते.

मोजताना इंजिन पूर्ण थंड हवं. ‘टी’ची खूण दोन फेऱ्यांत दोनदा येते, त्यातली एक एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटची, तेव्हा दोन्ही वॉल्व्ह किंचित उघडे असतात. दोन्ही रॉकर (वॉल्व्ह दाबणारे छोटे दांडे) बोटानं हलले तरच जागा बरोबर. अजिबात हलत नसतील तर एक फेरी आणखी फिरवून बघा. तरीही एखादा हललाच नाही, तर त्याचा गॅप संपलाय. क्रँक नेहमीच्याच दिशेनं फिरवा. खूण चुकून पुढे गेली तर मागे ओढू नका, चेनची ढिलाई भलत्या बाजूला जाते. दोन फेऱ्या पूर्ण करून परत या. गॅप किती ठेवायचा ते मॅन्युअलमध्ये असतं, माझ्या किंवा कोणाच्याही अंदाजानं ठेवू नका.

कार्बोरेटरबद्दल तुमचं म्हणणं अगदीच चूक नाही. थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटाके वाजत असतील तर पायलट जेट (कमी वेगाला पेट्रोल देणारं कार्बोरेटरमधलं बारीक भोक) आणि सायलेन्सरचा जोड आधी बघावा. पण गॅप मोजायला लागतो फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि अर्धा तास, आणि हे काम तुमच्या यादीत अजून झालेलंच नाही. गॅप लावल्यावर थोड्याच दिवसांत पुन्हा कमी झाला तर सीट गेली समजा. मग हेड उतरवण्याला पर्याय नाही. इनटेक आणि एक्झॉस्टचा गॅप वेगवेगळा लिहून कळवा, जुळवाजुळव करण्याआधी जो निघाला तोच.