‘ऑईल बदललं आन गाडी गळायली’ म्हणून एक स्टार दिलेल्या दादांना उत्तर

दादा नमस्कार. तुमचा रिव्ह्यू परवाच बघितला, खरं सांगतो आधी डोकंच फिरलं, मग रात्री दुकान बंद केल्यावर परत वाचला तवा कळलं की सुरुवात तर आमच्याकडूनच झालीय. तुम्ही लिहिलंय की स्प्लेंडरचं ऑईल बदलून नेलं आन सकाळी अंगणात डाग, गावातल्या मिस्त्रीनं बोल्ट अजून आवळला तरी थेंब थांबंना, मग ऑईल मोजायच्या पट्टीवर ऑईल कमी दिसलं म्हणून घरचं टाकलं तर गाडी ओढंना अन् धूर मारायली, आन वरून आम्ही फिल्टर बदललंच नाही, बोगस गॅरेज.

गळती आमच्यामुळं. पेरणीच्या तोंडावर लातुरात आमच्याकडं कशी गर्दी असतीय ते तुम्ही बघितलंच, पण गर्दी हे काही कारण नाही. ऑईल काढायच्या खालच्या ड्रेन बोल्टला जे वायसर असतंय ते एकदा दाबलं की चपटं होतंय, दुसऱ्यांदा नीट बसत नाही. आमच्या पोरानं जुनंच पुसून लावलं. दहा-वीस रुपयाची वस्तू ओ, आन त्याच्यापायी तुमचं अंगण खराब आन माझं नाव पण. मी त्याला विचारलं तर कबूल झाला, खोटं बोलला नाही एवढं बरं.

आता हात जोडून एकच सांगायलोय, तो बोल्ट अजून आवळू नका अन् कुणाला आवळू देऊ नका. बोल्ट लोखंडी, इंजिनचं खालचं अंग ॲल्युमिनियमचं, जास्त जोर लावला की आटे इंजिनचे जातेत, बोल्टला काही होत नाही. आटे गेले की मग नवे आटे पाडा नाहीतर आतून आट्याची स्प्रिंग बसवा, दहा रुपयाचं काम हजारात जातंय. गळायलंय म्हणून आवळायचं हे सगळेच करतेत, मी पण शिकत असताना एका गाडीचे आटे घालवले होते, उस्तादानं दोन दिवस बोलणं टाकलं होतं.

ऑईल कमी दिसलं त्याचं मात्र मला वेगळंच वाटायलंय. थेंब थेंब गळून एका रात्रीत एवढं कमी होत नाही. फोनवर तुम्ही म्हणलात गाडी साईड स्टँडवर होती. स्प्लेंडरची पट्टी उजवीकडं, साईड स्टँडवर गाडी डावीकडं कलती, ऑईल पण तिकडंच जातंय, मग पट्टी कोरडीच दिसणार की. मेन स्टँडवर सपाट जागी लावायची, तीन-चार मिनिटं चालू ठेवायची, बंद करून दोन-तीन मिनिटं थांबायचं, पट्टी पुसायची आन आत निस्ती टेकवायची, आटे फिरवायचे नाहीत. फिरवून बघितली तर ऑईल जास्त दिसतंय. दोन खुणांच्या मधी असलं की बास.

आन टाकलं काय, तर ट्रॅक्टरचं. दादा, ट्रॅक्टरचा क्लच इंजिनच्या ऑईलात नसतो, मोटारसायकलचा त्याच ऑईलात बुडलेला असतोय. म्हणून डब्यावर जासो एमए का एमए२ लिहिलेलं बघायचं, म्हणजे ते ऑईलात बुडलेल्या क्लचला चालतंय, आन जाडीचा नंबर स्प्लेंडरला १०डब्ल्यू३०. ट्रॅक्टरचं १५डब्ल्यू४० का २०डब्ल्यू४० जाड, आन क्लचला चालंल का नाही ह्याची काही खात्री नाही, क्लच घसरत असंल म्हणून गाडी ओढंना. त्यात आधीच बरोबर असलेल्यात अजून ओतलं, म्हणून इंजिन जड झालं, जास्तीचं ऑईल एअर फिल्टरकडं गेलं असंल, धूर त्याचाच. 

फिल्टरचं तर तुमच्या मेहुण्यानं सांगितलं असंल, त्याची पल्सर हाय म्हणून. पल्सरला कागदी फिल्टर असतंय, ते बदलताना ओ-रिंग, म्हणजे रबरी रिंग, पण नवी लागती, जुनी तिथंच चिकटून राहिली की गळालंच समजा. स्प्लेंडरला ते कागदी फिल्टरच नाही. आत जाळी असती आन क्लच कव्हरच्या मागं फिरणारी वाटी, कचरा तिच्यात साचतोय. ती साफ करायला कव्हर उघडून नवं गास्केट टाकावं लागतंय, दर ऑईलला कुणी करत नाही. बिल काढून बघा, फिल्टरचा एक रुपया लावलेला नाही. उलट ज्यानं स्प्लेंडरला फिल्टरचे पैसे लावले त्याला विचारा कुठलं बदललं म्हणून.

तर आता असं करा, गाडी चालवत आणू नका, क्लच अजून घासंल. येणाऱ्या पिकअपात टाकून आणा, भाडं मी देतो. सगळं ऑईल काढून तुमच्यासमोर नवी सीलबंद ९०० मिलीची बाटली फोडतो, वायसर नवं, एअर फिल्टर बघतो, ह्याचे पैसे नाहीत. बऱ्याचदा ऑईल बदललं की क्लच परत पकडतोय. नाहीच पकडला तर तुमच्यासमोर उघडतो, क्लचच्या प्लेटा गेल्या असल्या तर प्लेटांचे पैसे तुमचे, मजुरी माझी, कारण ट्रॅक्टरचं ऑईल काही मी ओतलेलं नाही. स्टार तसाच ठेवला तरी माझं काही म्हणणं नाही. निस्तं सकाळी अकराच्या आत या, आन शनिवारी येऊ नका, बंद असतंय.